गायरान माळावर पाच हजार रोपं लावायची की माळ तसाच राखायचा?

माळचंडोल (बीड)

नमस्कार मंडळी. आष्टी-पाटोदा भागातल्या आमच्या गावाला साधारण १३५ एकर गायरान आहे. मुरमाड माळ, मधून एक ओढा, खालच्या अंगाला पाझर तलाव. काळवीट आणि खोकड नेहमी दिसतात, थंडीत भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी) उतरतात, लांडगा मेंढपाळांच्या नजरेस पडतो. शिक्षक, कॉलेजची मुलं आणि गावातले मेंढपाळ मिळून निसर्ग मंडळ सुरू केलं आहे.

एका कंपनीने ५,००० रोपं आणि जेसीबीने खड्डे असा प्रस्ताव दिलाय. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय येणार. मंडळातच दोन मतं आहेत. काहींना वाटतं हिरवळ होईल, काहींना वाटतं काळवीट जातील. जाणकारांनी सांगावं: या माळावर झाडं लावावीत का? नसतील लावायची तर मंडळाने वर्षभर नेमकं काय करायचं? नोंदी कशा ठेवल्या म्हणजे तहसीलला आणि वनविभागाला त्या मान्य होतील? दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये माळ पेटतो, त्याचं काय? उन्हाळ्यात पाणवठा बांधावा असंही सुचवलं गेलंय.

पवन्या (धाराशिव)

माळावर झाडं लावू नका. ओढ्याच्या काठाला लावा, रस्त्याला लावा, शाळेत लावा, पण माळाला हात लावू नका. कारणं सविस्तर लिहितो, ग्रामसभेत उपयोगी पडतील.

आधी माळ मूळचा आहे का ते तपासा. पहार घेऊन दहा-बारा ठिकाणी मारून बघा. वीतभर मातीखाली मुरूम लागत असेल तर तिथं दाट जंगल कधी नव्हतंच. ते तोडून उघडं पडलेलं रान नाही, ते गवताचंच रान आहे. आता पाऊस पडलाय, गवत ओळखायला सप्टेंबर-ऑक्टोबर हा सगळ्यात चांगला काळ, तुरे आलेले असतात. पवन्या, शेडा, मारवेल ही गवतं सापडली तर माळाची तब्येत चांगली. नुसती कुसळीच असेल तर तो वारंवार जळतोय. तरवड, टाकळा, गाजरगवत वाढत चाललं असेल तर चराईचा भार जास्त झालाय. म्हणजे एकाच फेरीत तुम्हाला आग आणि चराई दोन्हींचा हिशेब कळतो.

आता खड्ड्यांचं. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेतला की खालचा मुरूम वर येतो आणि गवताच्या मुळांची जाळी फाटते. त्या उकरलेल्या जागेवर पहिल्या पावसात गाजरगवत आणि टाकळाच येतो. सलग समतल चरांनी (उताराला आडवे खणलेले लांब चर) तर पट्टेच्या पट्टे मोडतात. रोप जगावं म्हणून बहुतेक ठिकाणी गिरीपुष्प नाहीतर सुबाभूळ लावतात, कारण ते मरत नाही. पण पाच वर्षांत त्याची सावली गवत मारते. काळवीट हा उघड्यावर दूरवर बघून पळणारा प्राणी. दाट रांगांमध्ये त्याला लांडगा दिसत नाही, तो जागा सोडतो. धाविक, माळटिटवी, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. मधोमध झाडं आली की त्यावर कावळे आणि ससाणे बसायला लागतात आणि ती अंडी-पिल्लं त्यांना वरून दिसतात.

पाण्याचंही गणित मांडा. उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्याला निदान १० लिटर धरलं तर ५,००० रोपांना ५०,००० लिटर, म्हणजे पाच हजारी टँकरच्या दहा खेपा, दर आठवड्याला. ज्या महिन्यात गावच टँकरची वाट बघत असतं त्या महिन्यात हे पाणी कुठून येणार? ग्रामसभेत हा एकच आकडा पुरेसा आहे.

माळासाठी खरं काम आहे ते गवताचं. अख्ख्या माळाला चराईबंदी घालू नका, मेंढपाळ तुटतील आणि ते तुटले की माळावर लक्ष ठेवणारं कुणी उरत नाही. तीन तुकडे करा. हद्दीला चुना मारलेले दगड पुरेत, तारेचं कुंपण नको, त्यात काळविटं अडकतात. एक तुकडा पावसाळाभर बंद आणि बी गळाल्यावर कापायचा, दुसरा चराईला, तिसरा न कापता न चारता तसाच उभा. पुढच्या वर्षी तुकडे फिरवा. बी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गळतं, त्याआधी विळा लावला तर पुढच्या वर्षीचं गवत तुम्हीच कापून नेलं असं होतं. कापताना बुडाशी चार बोटं खुंट ठेवा.

तिसरा तुकडा उभा का ठेवायचा, हे मंडळातल्या सगळ्यांना कळलं पाहिजे. भोवत्या रात्री झाडावर बसत नाहीत. गुडघाभर उंच गवतात जमिनीवर थव्याने मुक्कामाला उतरतात, ऑक्टोबर ते मार्च. नोव्हेंबरमध्ये सगळं गवत कापलं तर त्यांची मुक्कामाची जागाच गेली. दिवसा ते नाकतोडे आणि उंदीर टिपतात, भोवतालच्या हरभरा-ज्वारीला तो सरळ फायदा आहे.

जिथं माळ फारच उघडा पडलाय तिथं मारवेलचे ठोंब लावता येतील. जुलैमध्ये ओल असताना, दीड फुटावर एक. एकरी १९,००० च्या वर ठोंब लागतात, म्हणून आधी दोन-चार गुंठ्यांवरच करून बघा. बऱ्याच ठिकाणी दोन पावसाळे नुसतं राखलं तरी गवत आपलं आपण परत येतं, मुळं खाली जिवंत असतात.

तरवड (जालना)

वरच्या सगळ्याला अनुमोदन, एक भर. ओढ्याकाठी वेडी बाभूळ असेल तर ती आधी काढा. नुसती कापली तर एका बुंध्याची दहा होतात. जमिनीखाली वीतभर खोल, जिथून फुटवे येतात तो गड्डाच कुदळीने उपटावा लागतो. काम पावसाळ्यात करा, माती मऊ असते. शेंगा उन्हाळ्यात पिकतात, शेळ्या-मेंढ्या त्या आवडीने खातात आणि लेंडीतून बी माळभर पसरतं, म्हणून यंदा जे झाड काढायचं राहील त्याच्या शेंगा पिकायच्या आत निदान फांद्या तरी उतरवा. आणि बोर, हेकळ, हिवर यांना वेड्या बाभळीच्या भरात तोडू नका. खोकडाची बिळं आणि तित्तरांचा आडोसा त्याच झुडपांखाली असतो. मजूर लावले तर राखायच्या झाडांना आधी चुन्याचा पट्टा मारून ठेवा.

नाथसागर_किनारा (पैठण)

नोंदींबद्दल सांगतो. मंडळं इथंच ढिली पडतात. "खूप पक्षी दिसले" याला कागदावर किंमत नाही. तीच वाट, तीच वेळ, तीच पद्धत, वर्षानुवर्षं. एवढं पाळलं तरच तुमची वही कामाची.

१३५ एकर म्हणजे सुमारे ५५ हेक्टर. त्यात एक-एक किलोमीटरच्या दोन सरळ वाटा आखा, एकमेकींपासून ३०० मीटर लांब, म्हणजे तोच पक्षी दोनदा मोजला जाणार नाही. सूर्योदयानंतर पंधरा-वीस मिनिटांनी निघा, एक किलोमीटरला ४५ मिनिटं ते तास. दोन माणसं पुरेत, एक बघणारा, एक लिहिणारा. दहा जणांची सहल आणि मोजणी हे एकाच दिवशी करू नका. जात, संख्या, आणि वाटेपासून आडवं अंतर तीन पट्ट्यांत लिहा: २५ मीटरच्या आत, २५ ते ५०, ५० ते १००. डोक्यावरून उडून गेलेले वेगळ्या रकान्यात. जानेवारी, एप्रिल, ऑगस्ट, नोव्हेंबर असे चार महिने, आणि प्रत्येक महिन्यात दोन फेऱ्या. काहीच दिसलं नाही तर "शून्य" लिहा, तीही नोंदच आहे.

चुका नेहमीच्या ठरलेल्या आहेत. चंडोल आणि तिरचिमण्या यांत घोळ होतो, खात्री नसेल तर "चंडोल, जात अनिश्चित" असं लिहा, अंदाजाने नाव ठोकू नका. डोंबारी या चंडोलाचा नर काळ्या पोटावरून सहज ओळखता येतो, मादी नाही. साधी टिटवी आणि माळटिटवी वेगळी लिहा. माळटिटवीला डोळ्यापुढं पिवळी लोंबती कातडी असते, लाल नाही. फार वारा किंवा पाऊस असेल तर फेरी रद्द करा, आकडे खाली येतात आणि पुढं कुणीतरी त्यावरून "पक्षी घटले" म्हणून बातमी करतं.

नोंद त्याच दिवशी ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ) टाका, "पूर्ण यादी" म्हणून, वेळ आणि अंतरासकट. सस्तन प्राणी, सरडे, फुलपाखरं, गवतं यांचे फोटो आयनॅचरलिस्ट या तशाच संकेतस्थळावर. पण लांडग्याची गुहा, खोकडाचं बीळ, धाविकाचं घरटं यांची जागा कुठंही उघड करू नका, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. फोटोत मागं पवनचक्की किंवा टेकडी ओळखू येत असेल तरी जागा सापडते.

भोवत्यांची मोजणी वेगळी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्यास्ताच्या तासभर आधी जागेवर पोचायचं, मुक्कामाच्या गवतापासून २०० मीटर लांब बसायचं, काळोख पडेपर्यंत उतरणारे मोजायचे. गवतात शिरायचं नाही. एकदा उठवले की अंधारात ते भलतीकडं जातात.

फोटो-खांब हा सगळ्यात स्वस्त पुरावा. माळावर सहा ठिकाणी दगड रंगवा, प्रत्येकावर दिशेचा बाण काढा. १ जून, १५ ऑक्टोबर, १५ फेब्रुवारी, दरवर्षी त्याच दगडावरून त्याच दिशेला मोबाईलने फोटो. तहसीलदाराला पक्ष्यांची यादी वाचायला वेळ नसतो, तीन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की बोलणं सोपं जातं.

गवताचं वजनही करा. सुतळी आणि चार खुंट्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट करा, ऑक्टोबरमध्ये वीस ठिकाणी टाका (जागा आधी नकाशावर ठरवा, नाहीतर हात आपोआप चांगल्या गवताकडं जातो), आतलं कापा, वाळवा, तोला. सरासरी २०० ग्रॅम आली तर एकरी ८०० किलोच्या आसपास वाळला चारा. चाऱ्याचा चालू भाव लावून हा आकडा ग्रामसभेत मांडा. "पडीक जमीन" हा शब्द तिथंच मागं पडतो.

पाझर तलावाची मोजणी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनेच्या काळात करा, ती १९८७ पासून चालू आहे. सकाळी, सूर्य पाठीशी ठेवून. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजून डोळ्यात बसवा, मग तेवढे-तेवढे गठ्ठे मोजत जा. दोघांनी वेगवेगळं मोजून सरासरी घ्या.

गोदातीर (नांदेड)

तलावावर आणखी एक. पाणी आटत गेलं की गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) सुरू होते. गाळपेर बंद करा म्हणणं बरोबर नाही, लोकांचं पोट त्यावर आहे. पण मार्च ते मे या काळात उघड्या पडलेल्या बेटांवर आणि वाळूवर नदी सुरय आणि छोटा आर्ली हे पक्षी अंडी घालतात. पाणी आणखी उतरून बेट काठाला जोडलं गेलं की कुत्री आणि जनावरं चालत तिथं पोचतात. तेवढा पट्टा पेरायचा नाही, एवढंच गाळपेर करणाऱ्यांशी आधी बोलून ठरवा. सुतळी आणि लाल कापडाच्या पताका लावल्या तरी जनावरं हाकणारे समजून घेतात.

उन्हाळ्यात घरट्यांचे फोटो काढू देऊ नका. टिटवी उन्हात पोट भिजवून येऊन अंडी थंड ठेवते. माणूस जवळ बसून राहिला तर ती परतत नाही आणि ४० अंशांच्या वरच्या उन्हात अंडी थोड्या वेळात निकामी होतात.

माळचंडोल (बीड)

खूप आभार सगळ्यांचे. झाडांचा मुद्दा स्पष्ट झाला. पण कंपनीला नुसतं नाही म्हटलं तर सरपंच नाराज होतील, निधी दुसऱ्या गावाला जाईल. पर्याय काय देता येईल? आणि आग, पाणवठा, कागदपत्रं याबद्दलही कुणी लिहावं.

बांधावरचा_हिवर (लातूर)

कंपनीला यादी द्या. कठडे नसलेल्या विहिरींना कठडे, हे पहिलं काम. माळाच्या कडेच्या उघड्या विहिरींत खोकड, कोल्हा, लांडगा रात्री पडतात. कठडा तीन फूट तरी हवा. तोवर विहिरीत दोरखंडाला बांधलेली बाजेची चौकट सोडून ठेवली तर पडलेला प्राणी तिच्यावर चढून जीव धरतो. मग १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवायचं, स्वतः उतरायचं नाही. दुसरं काम, कुत्र्यांचं रेबीज आणि डिस्टेंपरचं लसीकरण, नसबंदीसह. तिसरं, जाळरेषेची (आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) मजुरी. आणि झाडं द्यायचीच असतील तर ५,००० ऐवजी ४०० द्या म्हणावं, ओढ्याकाठी, रस्त्याला आणि बांधावर: वड, उंबर, कडुनिंब, हिवर, बोर, अंजन, आणि दोन वर्षांच्या पाण्याचा खर्च त्यातच धरलेला. जिवंत चारशे झाडांचा फोटो कंपनीलाही चालतो.

आगीबद्दल. जाळरेषा नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात काढा, डिसेंबर ओलांडू नका. गवत अर्धं हिरवं असतानाच कापणं सोपं आणि सुरक्षित. पाच मीटर रुंद पट्टा जमिनीलगत कापून गवत उचलून न्या. तिथंच टाकलं तर तेच सरपण होतं. गावाने पट्टा जाळायच्या फंदात पडू नये. वनजमीन लागून असेल तर तिकडची रेषा वनविभागाकडूनच काढून घ्या. सगळा घेर करणं जमणार नाही, तर आधी डांबरी रस्त्याची बाजू (बिडी), मग ज्वारी-तुरीच्या बांधांची बाजू (धसकटं आणि बांध पेटवतात), आणि शेवटी न कापलेल्या तिसऱ्या तुकड्याभोवतीचा घेर. "जाळलं की गवत चांगलं फुटतं" हा समज चराई करणाऱ्यांत आहे. फुटवा येतो खरा, पण दरवर्षी जळत राहिलं की पवन्या-शेडा मागं पडतात आणि आग सोसणारी कुसळी माजते. तिच्या कुसळांनी मेंढ्यांचं तोंड आणि लोकर दोन्ही खराब होतं. मेंढपाळाला हे त्याच्याच भाषेत मेंढपाळानेच सांगावं.

विझवायला ओल्या गोणपाटाचे आणि कडुनिंबाच्या डहाळ्यांचे झोडपे. वारा पाठीशी ठेवून आणि आगीच्या बाजूने झोडपत जायचं, ज्वाळेच्या समोर कधी उभं राहायचं नाही. सुती कपडे, नायलॉन अंगावर नको. शाळेची मुलं आगीवर न्यायची नाहीत.

पाणवठा शक्यतो नको. चिंकारा कमी पाण्यावर निभावतो, काळविटाला मात्र पाणी लागतं. माळाच्या मधोमध पाणी ठेवलं की पहिल्यांदा येतात मोकाट कुत्री, त्यांच्यामागून शिकारी. ओढ्यातला एखादा जुना डोह गाळ काढून जिवंत करा, तो बरा. बांधायचाच असेल तर सहा-सात फूट व्यासाचा, मध्ये फूटभर खोल, कडेला शून्यावर येणारा उतार, म्हणजे पिल्लं आणि पक्षी बुडत नाहीत. दर तीन दिवसांनी पाणी बदलून घासायचा. हे वेळापत्रक कोण पाळणार त्याची नावं ठरली नसतील तर बांधू नका.

गावाकडेचे पोल्ट्रीतले मेलेले पक्षी आणि ढोरं उघड्यावर टाकणं थांबवा. कुत्र्यांची संख्या तिथंच वाढते.

लांडग्याने मेंढरू मारलं तर मेंढपाळाला भरपाई मिळते, पण घटना ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवायला हवी आणि पंचनामा होईपर्यंत मढं हलवायचं नाही. मंडळाने फोटो, जागा आणि वेळ यांची नोंद करून अर्ज लिहून द्यायचं काम घ्यावं. भरपाई वेळेवर मिळाली तर मढ्यावर विष टाकलं जात नाही.

गावदप्तर (परभणी)

कागदपत्रांचं बघू. तलाठ्याकडून गायरानाचा सातबारा आणि गावनकाशाची प्रत काढा. जमीन शासनाची, वापर गावाचा. त्यामुळं ग्रामसभेचा ठराव गरजेचा आहे, पण तेवढ्याने काम संपत नाही, प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकारी कार्यालयात पोच घेऊन द्यायची.

ठरावात गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, आणि "हे क्षेत्र गवती माळ व चराई क्षेत्र म्हणून राखावे, खड्डे, चर, मुरूम उत्खनन वा वृक्षलागवड करू नये, चराईचा फिरता आराखडा सोबत जोडला आहे" असं स्पष्ट यावं. गोलमोल "पर्यावरण संवर्धन करावे" असं लिहिलं तर उद्या त्याच ठरावावर वृक्षलागवड मंजूर होते.

गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तो. तुमच्या भागात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला अर्धं गाव बाहेर जातं, २६ जानेवारीच्या सभेला चराई करणारी माणसं गावात नसतात. म्हणून १५ ऑगस्टची किंवा २ ऑक्टोबरची सभा गाठा.

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तिची लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या प्राणी-वनस्पतींची अधिकृत नोंद) मागून बघा. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० अखेरची मुदत दिल्यामुळं अनेक नोंदवह्या घाईत भरल्या गेल्या, शेजारच्या गावाची यादी तशीच उतरवलेलीही सापडते. तुमच्या वाटांच्या नोंदी, गवतांची यादी, मेंढपाळांना माहीत असलेले पाणवठे आणि चराईच्या जागा समितीच्या बैठकीत ठेवून इतिवृत्तासह नोंदवहीत घाला. मंडळाची वही खाजगी असते, नोंदवहीत आलं की ती सरकारी दप्तरात येते.

एक इशारा. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० साठी वीज उपकेंद्रांजवळच्या शासकीय जमिनी घेतल्या जातात, त्यात गायरानंही आहेत. तुमच्यापासून उपकेंद्र पाच-दहा किलोमीटरच्या आत असेल तर ठराव आणि नोंदवही यंदाच करून ठेवा. जमीन दिली गेल्यावर नोंदी दाखवून फार थोडं हाती लागतं. सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढण्याबद्दल आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा.

पुढचा टप्पा म्हणून वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-अ खाली "संवर्धन राखीव" मागता येतं. ते शासकीय जमिनीसाठी असतं, ३६-क मधलं "सामुदायिक राखीव" खाजगी किंवा समुदायाच्या जमिनीसाठी. अर्जात दोन्हींची गल्लत होते आणि फाईल परत येते. वैजापूरला लागून येवला तालुक्यात ममदापूरला काळविटांसाठी संवर्धन राखीव झालेलं आहे, तिथला आराखडा मागवून वाचा.

माळचंडोल (बीड)

तुकड्यांबद्दल शेवटचं विचारतो. ओढ्याकडचा भाग सगळ्यात चांगल्या गवताचा आहे. पहिल्या वर्षी तोच बंद ठेवावा का?

पवन्या (धाराशिव)

नको. पहिल्या वर्षी चांगलं गवत बंद केलं तर मेंढपाळांच्या वाट्याला उघडं रान येतं आणि योजना दिवाळीपर्यंतही टिकत नाही. पहिल्या वर्षी मधल्या प्रतीचा तुकडा बंद करा, ओढ्याकडचा चराईला द्या, आणि रस्त्यापासून सगळ्यात लांबचा भाग भोवत्यांसाठी उभा ठेवा, तिथं आग लागायचा धोका कमी. बंद तुकड्यातून ओढ्याकडे जनावरं न्यायला दहा-बारा मीटर रुंदीची पायवाट आखून द्या, नाहीतर पाण्यावर जाताना तोच तुकडा तुडवला जाईल. कापलेलं गवत वाटताना पहिला हक्क ज्यांची जनावरं त्या तुकड्यावर चरायची त्यांचा, हे ठरावाच्या आराखड्यात नावानिशी लिहून घ्या.